नदी ओलांडायची चाल

शिमनपूच्या खळ्यावर त्या सकाळी पंधरा माणसं जमली होती. त्यातल्या चौदाजणांच्या अंगात एकसारखी करड्या रंगाची, त्वचेला चिकटून बसणारी बंडी होती आणि पायांत तसल्याच विजारी. पंधरावी लुओ सुयुन. तिची बंडी खळ्याच्या कडेला एका दगडावर घडी न मोडता पडली होती आणि तिच्यावर कुणाची तरी कोंबडी खुशाल बसली होती.

"आई, निदान कोंबडीला तरी उठव," निंग म्हणाली. "फार नाजूक असतं गं आतलं सगळं."

"बसू दे. कुणाच्या तरी उपयोगी पडतेय."

चौदा बंड्या खुसुखुसू हसल्या. निंगला हसू आलं नाही. ती सुयुनची एकुलती एक मुलगी, वय वर्षं सत्तावीस, गुइयांग शहरातल्या संशोधन केंद्रात कामाला. या बंड्या तिनंच गावात आणल्या होत्या आणि स्वतःच्या आईनंच त्या घालायला नकार द्यावा, यानं तिची केंद्रात चांगलीच पंचाईत होणार होती.

आता शिमनपूबद्दल चार शब्द सांगायला हवेत. चीनच्या नैर्ऋत्येला ग्वेइचौ प्रांतातल्या सुळक्यांच्या डोंगरांत हे गाव आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वी सम्राटानं पूर्वेकडचं सैन्य इथं चौकी सांभाळायला पाठवलं आणि परत बोलवायचं काही नाव काढलं नाही. त्या सैनिकांचे वंशज आजही दगडी भिंतींच्या, पाटीच्या दगडांनी शाकारलेल्या घरांत राहतात. बायका अजून पूर्वेकडच्या पणज्यांसारखे रुंद बाह्यांचे निळे झगे घालतात. आणि वर्षातून दोनदा, नव्या वर्षाला आणि सातव्या महिन्यात भात फुलोऱ्यावर आला की, इथले शेतकरी, गवंडी, टोफू विकणाऱ्या बाया सेनापती होतात. या खेळाला म्हणतात तीशी, म्हणजे जमिनीवरचं नाटक. त्याला रंगमंच नसतो. प्रेक्षक वर उतारावर बसतात, म्हणून लाकडी मुखवटा चेहऱ्यावर न लावता कपाळावर, आकाशाकडे तोंड करून बांधायचा आणि खरा चेहरा काळ्या जाळीनं झाकायचा. गोष्टी फक्त लढायांच्या. प्रेमबिम अजिबात चालत नाही, तेवढं घरी करावं.

पूर्वी हे फक्त पुरुषांचं काम होतं. पण पुरुष किनाऱ्यावरच्या शहरांत पांगले आणि सुयुनच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी पोरीच्या कपाळावर मुखवटा बांधला. आता त्रेपन्नाव्या वर्षी ती फडाची प्रमुख आणि गुरू होती, म्हणजे शिफू. मुखवट्यांच्या पेटीची किल्ली तिच्या कमरेला असे. एरवी ती शाळेच्या बसवर होती. बस आपली आपणच चालायची; सुयुन फक्त मुलांना जागेवर बसवायची. ते काम अजून कोणत्याही यंत्राला जमलेलं नव्हतं.

निंगच्या केंद्रानं जे यंत्र बनवलं होतं त्याचं नाव होतं 'मूळशोध'. ते समजायला फार शास्त्र लागत नाही. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातानं उतरवत. एखाद्यानं एक ओळ गाळली की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत ती गळलेली असायची. म्हणून चुका जुळवत गेलं की कोणती पोथी कोणत्या पोथीची लेक, हे कळतं. आणि चुका वजा करत मागं मागं गेलं की जी मूळ पोथी आज कुणीच पाहिलेली नाही, ती जवळजवळ हाताला लागते. मूळशोध हेच काम माणसांच्या अंगांवर करायचं. शिष्य गुरूची चाल उचलतो, तशा गुरूच्या खोडीही उचलतो. तेवीस गावांतले तीनशे अकरा नट, प्रत्येकाच्या अंगावर हालचाल टिपणारे चारशे बारीक बिंदू, आणि जोडीला जुन्या चित्रफिती. एवढं सगळं पोटात घेऊन यंत्रानं तीशीचा वंशवृक्ष मांडला आणि साडेसहाशे वर्षांपूर्वीचा सैनिक कसा पाऊल टाकत असेल, ते पडद्यावर चालवून दाखवलं. पिढीगणिक चाल किती बदलते याचा वेगही त्यानं मोजला होता, त्यामुळे कोणती खोड केव्हा शिरली हेही सांगता यायचं.

बंडी हा त्याचाच पुढचा भाग. स्नायू चुकीच्या दिशेनं निघायच्या आत बंडी त्याला बारीकशी वीज देऊन वळवायची. काही दुखत नसे. पंधरा दिवसांत कुणीही मूळ चाल शिकायचा. गावानं तिला नाव ठेवलं होतं, मुका शिफू.

गाव आधी खूश होतं. मग एक दिवस देवळाच्या अंगणात मोठा पडदा लावून निंगनं शिमनपूचा निकाल दाखवला आणि तिथून सगळं बिनसलं.

शिमनपूच्या खेळात एक प्रसंग आहे, नदी ओलांडण्याचा. सेनापती पुढं, सैन्य मागं, आठ पावलं. सहाव्या पावलाला शिमनपूचा नट उजवा पाय ताठ ठेवून मागून ओढत आणतो आणि त्याच्या बोटांनी धुळीत लांब रेघ उमटते. बाकी बावीस गावांत असं कुणी करत नाही. शिमनपूला याचा भारी अभिमान. पूर्वज नदीत उतरले तेव्हा चिखलानं त्यांचा पाय धरला, इतर गावं ते विसरली, आपण नाही विसरलो, हे इथल्या प्रत्येक पोराला दात येण्याआधी सांगितलेलं असतं.

पडद्यावर अक्षरं आली. सहावं पाऊल. वय एकसष्ट वर्षं, चार वर्षं मागेपुढे. उगम, एकच व्यक्ती. कारण, उजवा गुडघा न वाकणे. वर्ग, त्रुटी.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे साठ वर्षं आपण सगळे लंगडतोय?" आणि अख्खं अंगण हसत सुटलं. हसणाऱ्यांत वाईट कुणी नव्हतं. पण सुयुनच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तो गुडघा कुणाचा, हे तिला तत्क्षणी कळलं होतं. तिचे आजोबा, लुओ तिंगशान. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत मुखवटे जाळले गेले, खेळ बंद पडला. पुढं परवानगी मिळाल्यावर १९८० साली आजोबांनीच तो नव्यानं उभा केला. ते लंगडत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दगडाच्या खाणीत पडले होते म्हणे. आणि पाऊल चिखलामुळे ओढतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मात्र साठ वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आठवड्याभरात गावाची बैठक झाली. भाताच्या फुलोऱ्याच्या खेळाला संस्कृती कार्यालयाची माणसं येणार होती. त्या दिवशी जो खेळ होईल, तो शिमनपूचं प्रमाण रूप म्हणून कायमचा नोंदला जाणार होता. पुढं शाळेतल्या मुलांना शिकवणार ती बंडी, आणि बंडी चूक करूच देत नाही. एकदा नोंद झाली की ओढता पाय संपला. मूळ चाल ठेवायची की आपली, यावर हात वर झाले. मूळ चालीला एकतीस, आपल्या चालीला चार.

सुयुनला धक्का एकतीसचा नव्हता. त्या एकतिसांतला एक हात छन दाओमिंगचा होता, याचा होता. छन काका पंच्याऐंशी वर्षांचे, गावाचे ढोलवाले, आजोबांच्या पहिल्या सात शिष्यांपैकी जिवंत राहिलेले एकटे. चिखलाची गोष्ट सांगावी तर त्यांनीच. पाय नीट ओढला नाही म्हणून त्यांनी लहानपणी सुयुनच्या पोटऱ्यांवर वेताची छडी ओढली होती. आणि त्याच माणसानं हात वर केला होता, तोही सगळ्यात आधी.

खळ्यावरची तालीम संपल्यावर निंग आईच्या मागोमाग घरी आली. सुयुननं दोन वाडगे भात वाढला, वर तिखट टोफू घातला.

"तुला वाटतंय, मी पणजोबांचा अपमान केला," निंग म्हणाली.

"तू पडद्यावर त्रुटी लिहिलंस."

"मी नाही, यंत्रानं."

"यंत्राला तो शब्द कुणी शिकवला?"

निंगनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "आई, तू विचार कर. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा माणूस कसा चालायचा ते आपल्याला दिसतंय. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रडले होते, खरंच सांगते. आणि तू एका दुखऱ्या गुडघ्यासाठी हट्टाला पेटलीयस."

"त्या साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मी ओळखत नाही," सुयुन म्हणाली. "त्याला माझा नमस्कार. पण माझ्या पायात ही चाल माझ्या बाबांनी घातली. ती काढून घ्यायची तर कुणीतरी कारण सांगायला यावं. बंडीनं परस्पर काढायची नाही."

बोलता बोलता तिला एक आठवलं. बाबांनी तिला सगळा खेळ शिकवला, पण चिखलाची गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडानं कधीच सांगितली नव्हती. पाय का ओढायचा असं विचारलं की ते विडी शोधायला उठायचे. गोष्ट सांगायचे ते छन काका.

तिनं वाडगा तसाच ठेवला आणि चपला पायात घातल्या.

छन काका अंगणात सुपारीएवढ्या मिरच्या वाळत घालत होते. सुयुनला बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं, पण तिच्याकडं बघितलं नाही.

"काका, तुम्ही हात का वर केलात?"

"यंत्र म्हणतंय चूक आहे. यंत्राला काय, आपल्याशी वैर आहे?"

"चाळीस वर्षांपूर्वी याच पायावर तुम्ही छडी मारलीत. वळ अजून दाखवू शकेन मी."

म्हातारा मिरच्या उलट्यासुलट्या करत राहिला. सुयुन उठली नाही. बसमध्ये साठ मुलांना गप्प बसवणाऱ्या बाईला एका म्हाताऱ्याला बोलतं करायची घाई नव्हती. ऊन भिंतीवरून खाली सरकलं.

"तुझे आजोबा खाणीत पडले नव्हते," शेवटी छन काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते स्वतः दहा वर्षांचे होते. बाहेरून माणसं आली होती आणि गावातलीच माणसं त्यांच्यात मिसळली होती. देवळापुढं जाळ केला होता. मुखवट्यांची पेटी आणायला गेले तर लुओ तिंगशान पेटीवर बसलेले. ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या, ते काही उठेनात. तेव्हा कावडीच्या दांड्यानं त्यांच्या गुडघ्यावर घाव घातला गेला. एकदा. तेवढ्यानं भागलं. मुखवटे जळले, पेटी तेवढी उरली.

"कुणी घातला?" सुयुननं विचारलं.

"माझ्या वडिलांनी."

छन वानफू. तिंगशानचा लहानपणापासूनचा दोस्त आणि त्यांचा ढोलवाला. एकानं नाचायचं, दुसऱ्यानं वाजवायचं, अशी त्यांची वीस वर्षांची जोडी होती.

"का मारलं?"

"मला माहीत नाही. भीतीनं मारलं असेल. बाकीच्यांनी डोक्यात घातला असता, त्याआधी यानं गुडघ्यात घातला, असंही असेल. मी भिंतीवर बसून बघत होतो. पुढं तेहेतीस वर्षं एका घरात राहिलो, ते कधी बोलले नाहीत, मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. सगळं गाव मूग गिळून बसलं. खाण कुणी शोधून काढली, तेही मला ठाऊक नाही."

"आणि चिखल?"

"चिखल माझा," म्हातारा म्हणाला आणि पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं पाहिलं. "ऐंशी साल. याच खळ्यावर तालीम. शिफू पुढं, आम्ही सातजण मागं. ते म्हणाले, मी करतो तसं करा. सहाव्या पावलाला त्यांचा पाय ओढला गेला, आम्हीही ओढला. आम्ही पोरं, आम्हाला काय माहीत त्यात नाच कुठला आणि दुखणं कुठलं! धुळीत आठ रेघा उमटल्या. वर उतारावर गावातली सगळी म्हातारी मंडळी बसलेली. जुना खेळ पाहिलेली माणसं ती, त्यांना ठाऊक होतं की असं नाही. पण हे चूक आहे म्हणायचं, तर पाय असा का झाला ते बोलावं लागलं असतं. एकानंही तोंड उघडलं नाही. शिफूंनी मागं वळून त्या रेघा बघितल्या. खूप वेळ बघितल्या. आम्हाला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, बरोबर आहे. असंच करायचं."

कोंबड्या मिरच्यांत शिरल्या होत्या. त्यांना हाकलायचं कुणाला सुचलं नाही.

"पुढं शहरातून एक प्राध्यापक आले. त्यांनी विचारलं, पाय का ओढता? सगळे माझ्या वडिलांकडं बघायला लागले. मी पटकन म्हणालो, नदीचा चिखल. ते त्यांनी लिहून घेतलं, छापलं. मग तेच खरं झालं." म्हाताऱ्यानं हात झटकले. "साठ वर्षं मी ती रेघ बघतोय, पोरी. दर खेळाला. माझ्या वडिलांचं कृत्य धुळीत लिहिलेलं. मी मरायच्या आधी यंत्र ती पुसतंय, तर पुसू दे. मी सांगतो, मला बरं वाटेल."

सुयुनला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदमच. ती उठली. अंगणाच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. तिचा उजवा पाय नकळत सहावं पाऊल टाकू बघत होता आणि तिच्या कानात काहीतरी वाजत होतं. नाही, वाजत नव्हतं, वाजायचं थांबलं होतं.

"काका, सहाव्या पावलाला ढोल का थांबतो?"

"तसंच आहे. वडिलांनी शिकवलं तसं. पाय पोचेपर्यंत काठी वर धरायची, पाय टेकला की मारायची."

"एक, दोन, तीन, चार, पाच," सुयुन म्हणाली. "मग काठी वर. आणि थांबायचं."

"हो."

"कुणासाठी?"

छन दाओमिंग आपल्या हातांकडं बघू लागला. इतकी वर्षं जे त्याच्या हातांत होतं ते त्याला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं.

"बंडीच्या चालीत आठ पावलांना आठ ठोके आहेत, सरळ," सुयुन म्हणाली. "मी तालमीत ऐकते रोज. तिथं ढोल कुणासाठी थांबत नाही. रेघ पुसाल, तर तुमच्या वडिलांचं थांबणंही पुसलं जाईल. मग त्यांचं काय उरतं, काका? तो एक घाव."

ती घरी आली तेव्हा निंग अजून जेवणाच्या टेबलाशीच बसली होती.

"तुझ्या यंत्रानं ढोल ऐकला का गं?"

"म्हणजे?"

"ढोल. ढम ढम. ऐकला का?"

निंगनं कपाळाला आठ्या घातल्या. "ढोल नटाच्या मागून जातो. म्हणून तो वेगळा धरला नाही. फक्त हालचाली घेतल्या. काय झालं, आई?"

सुयुननं सगळं सांगितलं. पेटी, दांडा, खळ्यावरच्या आठ रेघा.  ऐकून झाल्यावर निंगनं आपला संगणक उघडला. गावागावांचे ढोल तिच्याकडं होतेच, चित्रफितींबरोबर आपोआप आलेले, कुणी न ऐकलेले. दोन तास ती त्यांत बुडून गेली.

"बावीस गावांत ठोका थांबत नाही," अखेर ती म्हणाली. "फक्त इथं थांबतो. त्र्याऐंशी सालची एक चित्रफीत आहे, पणजोबा स्वतः नाचतायत. थांबणं सव्वा सेकंदाचं. पणजोबा शहाऐंशीत गेले. त्यानंतर जे नाचले त्यांचे गुडघे धड होते, त्यांचा पाय सुरुवातीला अर्ध्या सेकंदात पोचायचा." तिनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते. "ढोल तरीही सव्वा सेकंद थांबतो, आई. नव्याण्णव सालापर्यंत. मग छन आजोबा वाजवायला लागले, तेही सव्वा सेकंद. त्यांचे वडील गेलेल्या दोस्तासाठी थांबत होते. आणि नाचणारे आपोआप हळू झाले, ढोलाशी जुळवून घ्यायला. म्हणून पाय अजून ओढला जातो."

"त्रुटी," सुयुन म्हणाली.

"नको ना बोलूस."

"मी नाही नाचणार बंडीत. पेटी मी उघडीन, ते माझं काम आहे. बाकीच्यांना मी अडवणार नाही, गावानं हात वर केलेत. पण पहिलं पाऊल सेनापतीचं आणि सेनापती मी आहे. आणि पेटी उघडताना गुरूंची नावं घेतात, तेव्हा मी हेही सांगणार आहे."

निंग दचकली. "सगळ्यांसमोर? छन आजोबांच्या वडिलांचं नाव घेऊन?"

"दोन्ही सांगणार. मारलं तेही आणि थांबले तेही. एक लपवलं तर दुसरं खोटं होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं हे स्वतः जाऊन छन काकांना सांगितलं. पाठीमागून काही करायची तिला सवय नव्हती. म्हातारा तिच्या अंगावर ओरडला. माझ्या मेलेल्या बापाला गावापुढं उभा करतेस, माझ्या नातवंडांनी तोंड कुठं लपवायचं, म्हणाला. सुयुननं ऐकून घेतलं. तिच्या मनात आलं, द्यावं सोडून. त्यांचं वय काय, आपला हट्ट काय. मग तिला पेटीवर बसलेला एक माणूस दिसला, जो उठला नव्हता.

"तुम्ही नाही आलात तर मी ढोलाशिवाय नाचेन," ती म्हणाली. "पण मी पाय ओढीन, काका, आणि सव्वा सेकंद थांबेन. गावाला ऐकू नाही आलं तरी."

पुढचे बारा दिवस तिनं पहाटे उठून एकटीनं तालीम केली. उजव्या पायाला मागून बांबूची पट्टी बांधून, गुडघा वाकूच नये म्हणून. पहिल्या दिवशी ती तीनदा तोंडावर आपटली. चौथ्या दिवशी तिला कळलं की ताठ पाय नुसता ओढून चालत नाही, आधी कंबर उचलावी लागते आणि अंगाचा सगळा भार डाव्या टाचेवर तोलून धरावा लागतो. साठ वर्षं गाव जे करत होतं ती नक्कल होती. हे त्याहून पुष्कळ अवघड होतं आणि एका बासष्ट वर्षांच्या माणसानं ते जड पोशाखात, कपाळावर मुखवटा बांधून केलं होतं. आठव्या दिवशी खळ्याच्या कठड्यावर निंग येऊन बसली. दहाव्या दिवशी तिनं विचारलं, मला शिकवशील? सुयुननं दुसरी पट्टी आधीच तासून ठेवली होती.

फुलोऱ्याच्या दिवशी भाताला तो हलका, दुधासारखा वास होता. उतार माणसांनी भरला. संस्कृती कार्यालयाची माणसं छत्र्यांखाली बसली, चारही कोपऱ्यांत कॅमेरे उभे राहिले. चौदाजण बंड्यांवर पोशाख चढवून तयार होते. खळ्याच्या कडेला ढोल ठेवला होता आणि ढोलामागं छन दाओमिंग बसला होता. तो कधी आला ते कुणी पाहिलं नाही. त्याचा चेहरा त्या दगडी भिंतींइतकाच बोलका होता. सुयुननं मान लववली, त्यानं लववली नाही.

निंग कॅमेरे तपासत फिरत होती. जाता जाता ती ढोलाशी वाकली आणि म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं. त्यानं बराच वेळ तिच्याकडं बघून काठी पुढं केली. निंगनं तिच्या टोकाला एक बारीकसा बिंदू चिकटवला, नटांच्या अंगावर असतो तसा.

सुयुननं उदबत्त्या लावल्या, पेटीचं कुलूप काढलं आणि गुरूंची नावं घ्यायला सुरुवात केली. तिचा आवाज शाळेच्या बसमधला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"लुओ तिंगशान," ती म्हणाली. "त्यांनी आम्हाला चालायला शिकवलं. ते खाणीत पडले नव्हते. ते या पेटीवर बसले होते आणि उठले नाहीत, म्हणून त्यांचा गुडघा मोडला. तो छन वानफू यांनी मोडला."

उतारावर एक मोठी हालचाल झाली आणि विरली. म्हातारी माणसं जमिनीकडं बघू लागली. कार्यालयातला एकजण उठून उभा राहिला होता, शेजाऱ्यानं त्याला बाही ओढून खाली बसवलं.

"छन वानफू," सुयुन पुढं म्हणाली, तेवढ्याच स्पष्टपणे. "आमचे ढोलवाले. त्यांनी मोडलेल्या पायासाठी मरेपर्यंत ढोल थांबवला. तेही आमचे गुरू आहेत. दोघांना नमस्कार."

तिनं कमरेतून वाकून दोन नमस्कार केले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुखवटा कपाळावर आला, काळी जाळी डोळ्यांवर आली आणि समोरचं जग करडं झालं. पट्टी झग्याखाली घट्ट होती. ती खळ्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मागं चौदाजण होते, ते काय करणार हे तिला माहीत नव्हतं. ढोलाकडं ती पाठमोरी होती.

पहिला ठोका पडला. तिनं पाऊल टाकलं. दुसरा, तिसरा. ठोके सरळ, समान, बंडीच्या तालातले होते. चौथा. तिच्या मनात आलं, ठीक आहे, न का थांबेना, मी थांबेन. पाचवा.

तिनं कंबर उचलली, भार डाव्या टाचेवर घेतला आणि उजवा पाय मागून ओढायला सुरुवात केली. धुळीत बोटांची रेघ उमटत होती, ती तिला तळव्याला कळत होती. अर्धा सेकंद गेला. मागं चौदा बंड्यांचे पाय टेकल्याचा आवाज आला, सगळे एकदम, अगदी वेळेवर.

ढोल वाजला नाही.

चौदाजण एक पाय पुढं टाकून तसेच अडकून उभे राहिले. सगळं खळं, सगळा उतार श्वास धरून होता आणि त्या शांततेत फक्त एक ताठ पाय धुळीतून घासत येत होता. सुयुननं घाई केली नाही. नदी रुंद होती. तिनं पाय पुढं आणला, नीट आणला, आणि टेकवला.

तेव्हा छन दाओमिंगनं काठी खाली आणली.